पाहुणीच्या खोलीतला कूलर

समोर स्लॅबची एक खोली, तिच्यामागे टिनाची एक आणि तिला लागून स्वयंपाकघर. खिडक्या चार, त्यांतली एक विटांनी बुजवलेली. छताचे पंखे दोन. टेबलपंखा एक, बंद पडलेला. माठ दोन, रांजण एक. फ्रीज एक, पण त्याचा बर्फाचा कप्पा चालत नव्हता. बाजा तीन, दिवाण एक. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, शेजारी एसटीतून निवृत्त होताना मिळालेलं सन्मानपत्र. राहणारी माणसं चार. कूलर एक, टिनाच्या खोलीच्या खिडकीत बसवलेला.

ही नोंद मी ९ मेला केली. गिरडहून पाच किलोमीटरवर धामणखेडा नावाचं गाव आहे, तिथलं हे चिंधूजी थूल यांचं घर. वर्ध्याचं एक महाविद्यालय आणि अमेरिकेतलं एक विद्यापीठ मिळून तीन आठवड्यांचा उन्हाळी अभ्यासक्रम घेणार होते. विषय होता घरातली उष्णता. तिकडचे सहा विद्यार्थी येणार, गावातल्या सहा घरांत एकेक जण राहणार आणि घर किती तापतं ते मोजणार. मी आदल्या वर्षीच भौतिकशास्त्रात एमएस्सी झाले होते आणि वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेला घरी बसून होते. महाविद्यालयातल्या धनंजय सरांनी मला या कामावर घेतलं. घरं निवडणं, सेन्सर लावणं आणि पोरांसाठी दुभाषी होणं, एवढं माझं काम.

चिंधूजींनी हिंगणघाट आगारात एसटी चालवली होती. वय चौऱ्याहत्तर. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे अमेरिकेची पोट्टी आमच्या घरी राह्यन?"

"हो. तीन आठवडे."

"अन् आमचं शिजवलेलं खाइन?"

त्यांची बायको तानाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "तिखटाचं म्हणून राह्यले ते. आमच्या इथं तिखट जास्त असते."

"हाव, तिखटाचंच," चिंधूजी म्हणाले आणि हसले. मग त्यांनी मुलाला, प्रफुल्लला, हाक मारून सांगितलं, "हो म्हण रे बाईले. लिहून दे."

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही खोल्यांत सेन्सर लावले. काडेपेटीएवढी पांढरी डबी, बाजेवर झोपणाऱ्याचं डोकं येतं त्या उंचीवर, भिंतीपासून वीतभर पुढे. दर दहा मिनिटांनी ती तापमान आणि हवेतला दमटपणा नोंदवते. विद्यार्थी यायच्या आधी आठवडाभराच्या नोंदी हव्या होत्या, म्हणजे घर एरवी कसं असतं ते कळलं असतं.

टेस १७ मेच्या संध्याकाळी आली. एकवीस वर्षांची, उंच, अमेरिकेच्या उत्तरेकडच्या ज्या राज्यात तळी चार महिने गोठलेली असतात तिथली. गाडीतून उतरल्यावर तिने दोन्ही हात जोडले आणि पाठ केलेलं "जय भीम" म्हटलं. चिंधूजी इतके चकित झाले, की उत्तर द्यायचंच विसरले. तानाबाईने तिचं नाव दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा स्वतःच बदलून टाकलं. "टेसू," ती म्हणाली. "पळसाच्या फुलासारखं."

स्लॅबची खोली तिच्यासाठी रिकामी केली होती. प्रफुल्ल आणि त्याची बायको नंदिनी एरवी त्या खोलीत झोपत; त्यांनी गच्चीवर गाद्या नेल्या. दिवाणावर नवी चादर होती. आणि खिडकीत कूलर होता.

मी प्रफुल्लला बाजूला घेऊन विचारलं, "हा मागच्या खोलीतलाच ना?"

"हाव. तुमच्याच कागदात लिवून होतं ना, पाहुण्याच्या खोलीत कूलर पायजे म्हणून."

"आणि आजोबांना?"

"दुसरा सांगून ठेवला हिंगणघाटले. दोन दिवसांत येऊन राह्यला."

चिंधूजींनी मधेच तोंड घातलं. "मीच उचलला एका बाजूनं. हा प्रफुल्ल त वाकडा होत होता. मॅडम, पाहुणा गरमीत निजन अन् घरवाला थंडीत, असं असते का कुठं?"

मी कागदाकडे पाहिलं. अट खरीच होती. परदेशातल्या पोरांना ऊन सोसणार नाही म्हणून विद्यापीठाने ती घातली होती.

दुसरा कूलर दोन दिवसांत आला नाही. मे महिन्यात हिंगणघाटच्या दुकानात कूलर शिल्लक राहत नाहीत. प्रफुल्ल रोज फोन करायचा आणि दुकानदार रोज "उद्या" म्हणायचा.

टेसला हे काहीच माहीत नव्हतं. आल्यापासून तिने कूलर त्याच खिडकीत पाहिला होता. आमचा दिवस सकाळी साडेपाचला सुरू व्हायचा. सहा घरं फिरून भिंतींचं, पत्र्याचं, पाण्याचं तापमान घ्यायचं आणि अकराच्या आत घरी. बारा ते चार कोणीही बाहेर पडायचं नाही, असा सरांचा नियम. त्या चार तासांत टेस स्लॅबच्या खोलीत दार लोटून लिहीत बसायची किंवा झोपायची. कूलरची हवा बाहेर जाऊ नये म्हणून दार नंदिनीच ओढून घ्यायची. पलीकडे टिनाखाली चिंधूजी पंख्याखाली पडून असायचे. मधे एक भिंत.

तानाबाईने एकदा त्यांना सांगून पाहिलं होतं, की दुपारचे तिकडेच जाऊन पडा, पोट्टी काही म्हणणार नाही. तेव्हा मी ओसरीत होते. ते म्हणाले, "पोरीच्या खोलीत बुढ्यानं जाऊन लोळाचं? काय डोक्यावर पडली का तू?"

टेसने एका सकाळी मला विचारायला लावलं, आजोबांना त्या खोलीत गरम होत नाही का. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, ते मी मराठीत सांगितलं.

"सांग तिले," चिंधूजी म्हणाले, "तीस वर्सं इंजिनाच्या बाजूला बसलो. तिथं चहा ठेवला त उकळते. ही खोली त काश्मीर आहे."

मी तसंच सांगितलं. टेस खूप हसली. मग तिने स्टिअरिंग फिरवल्यासारखे हात केले आणि चिंधूजींनी तोंडाने हॉर्न वाजवला. त्यानंतर रोज सकाळी ती घराबाहेर पडताना ते हॉर्न वाजवायचे आणि ती हात दाखवून गाडी थांबवायची. दोघांत एवढंच बोलणं होतं, पण ते रोज व्हायचं.

२४ मेला दुपारी चारच्या सुमारास तानाबाई चहा घेऊन मागच्या खोलीत गेली. चिंधूजी हाका मारूनही उठेनात. अंग कोरडं आणि भट्टीसारखं तापलेलं होतं. ते काहीतरी बडबडत होते, पण त्यातलं काही लागत नव्हतं.

तानाबाईच्या ओरडण्याने टेस धावत आली. उष्माघातात काय करायचं, हे तिला अभ्यासक्रमाच्या पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, आणि तिने ते सगळं केलं. चादर माठाच्या पाण्यात भिजवून त्यांना गुंडाळलं, काखेत ओली फडकी ठेवली, नंदिनीच्या हातात सूप देऊन वारा घालायला लावलं. फ्रीज उघडून बर्फ पाहिला. तो नव्हता. मला फोन आला तेव्हा मी तीन घरं सोडून होते. प्रफुल्लने जीप आणली. मागच्या सीटवर चिंधूजींचं डोकं तानाबाईच्या मांडीवर आणि पाय टेसच्या. ती सबंध रस्ता पायांवर पाणी ओतत होती.

रुग्णालयाच्या फाटकाच्या अलीकडेच ते गेले. डॉक्टर म्हणाले, ऊन असू शकतं, हृदयही असू शकतं. वय झालं होतं. प्रफुल्लने शवविच्छेदन नको म्हटलं. कागदावर हृदयक्रिया बंद पडल्याचं लिहिलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंत्यविधी झाला. टेस बायकांमध्ये पांढरी ओढणी घेऊन उभी होती. त्रिशरण म्हटलं जात असताना तिचे ओठ हलत होते. शब्द तिला येत नव्हते. सरांनी तिला वर्ध्याला वसतिगृहात हलवायचं ठरवलं, पण तानाबाई ऐकेना.

"दुखाच्या घरातून पाहुणी उठून गेली त लोक काय म्हणतीन? राहू द्या तिले. तिनं त पाणी घातलं त्यायले."

म्हणून टेस राहिली. आणि कूलरही राहिला, तिच्याच खिडकीत. टिनाच्या खोलीत आता तानाबाई एकटी पंख्याखाली झोपत होती. नवतपा, उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, लागला होता. मी नंदिनीला म्हटलं, की निदान आता तरी कूलर मागे न्या.

"मी म्हटलं आईले," ती म्हणाली. "त्या म्हणते, आज हलवला त टेसू इचारन का काल काऊन नाई हलवला."

२७ मेला मी सगळ्या घरांच्या डब्या उतरवून नोंदी लॅपटॉपवर घेतल्या. ओसरीत बसले होते. थुलांच्या घराची रेघ पाहायला मला वेळ लागला नाही. तापमानापेक्षा दमटपणाची रेघ बोलकी होती. कूलर हवेत पाणी सोडतो, त्यामुळे जिथे कूलर तिथे दमटपणा पन्नास-साठ टक्के, आणि जिथे नाही तिथे मे महिन्यात चौदा-पंधरा. टिनाच्या खोलीतली रेघ १७ मेच्या संध्याकाळी पाच वाजता कोसळली होती. स्लॅबच्या खोलीतली त्याच वेळी वर चढली होती.

तानाबाई माझ्याशेजारी येऊन बसली. पडद्याकडे पाहत म्हणाली, "त्या डबीत सारं राह्यते का?"

"तापमान आणि दमटपणा राहतो, आजी."

"कूलर दिसते का त्याच्यात?"

मी तिच्याकडे पाहिलं. "ओल दिसते. त्यावरून कळतं."

ती पायाच्या अंगठ्याने जमिनीवरचा एक खडा इकडून तिकडे करत राहिली.

"मंग ते पोट्टीले दाखवू नको," ती म्हणाली. "लेकरू आहे ते. सातासमुद्रापार जाइन अन् जन्मभर तेच घेऊन बसन. तिचा काय दोष? तिनं थोडी मागतला कूलर? बुढ्यानंच उचलला. मले म्हणे, आपल्या घरी पहिल्यांदा असा पाहुणा आला, त त्याले काही कमी नाई पडलं पायजे. त्याच्या मनासारखं झालं. आता ते तिच्या डोक्यावर नको."

"आजी, तिचा प्रकल्पच आहे तो. नोंदी तिच्याच आहेत."

"तू शिकलेली आहेस. पाय कसं करते त."

संध्याकाळभर मी त्या फाइलकडे पाहत बसले. टिनाच्या खोलीचा दमटपणाचा रकाना काढून टाकला असता, तर कोणाला कळलं नसतं. डबी बिघडली, एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण मग ते वाक्य खोटं ठरलं असतं आणि त्याखाली माझं नाव असतं. दुसरीकडे, टेसचा अहवाल तापमानावर होता. दमटपणाकडे ती कदाचित पाहणारही नव्हती. मी स्वतःला असं सांगितलं आणि फाइल होती तशी तिला दिली. तोंडाने काही बोलले नाही.

२८ मेला दुपारी चारनंतर आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत बसलो होतो. सुट्टीमुळे शाळा रिकामी होती आणि तिथल्या एका वर्गात विद्यार्थ्यांसाठी टेबलं मांडली होती. बाकीचे चहाला गेले होते. टेसने मला हाक मारली आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"सतरा तारखेला संध्याकाळी पाचला कोणी सेन्सरची जागा बदलली का?"

हो म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं, "नाही."

तिने दोन्ही खोल्यांच्या रेघा एकाच चौकटीत आणल्या. एक खाली जाते, एक वर येते. ती पुढे सरकत चोवीस तारखेपर्यंत आली. तिथे थांबली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त मान दिसत होती, आणि ती हळूहळू लाल होत गेली.

"पाचला मी गाडीत होते," ती म्हणाली. "साडेपाचला पोचले."

तिने बोट पडद्यावरून काढलं.

"ते काश्मीर म्हणाले होते."

"हो."

"आणि तू मला ते भाषांतर करून सांगितलंस."

"हो."

तिने लॅपटॉप बंद केला. वर्गात भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता होता, त्याकडे ती पाहत राहिली. मग विचारलं, "मला हे दिसू शकतं, हे त्यांना माहीत आहे?"

"तानाबाईंनी मला सांगितलंय, तुला दाखवू नकोस म्हणून."

"का?"

मी तानाबाईचे शब्द शक्य तितके जसेच्या तसे सांगितले. टेसने ते ऐकले. तिने डोळे पुसले नाहीत. पाणी नुसतं वाहू दिलं.

"मग मी हे पाहिलेलं नाही," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळपासून टेसला सर्दी झाली. आधी ती शिंकली, मग नाक चोळून चोळून लाल केलं, मग मला म्हणाली, आजीला सांग, कूलरची हवा मला सोसत नाही, तो कृपा करून मागच्या खोलीत न्या. मी सांगितलं.

तानाबाई उठून तिच्या कपाळाला हात लावून आली. "ताप त नाई."

"ती म्हणते, कूलरमुळे होतं."

"कूलरमुळं नाई होत. पाणी जुनं झालं असन." तिने प्रफुल्लला कूलरची टाकी धुवायला लावली, पाण्यात वाळ्याची जुडी टाकली आणि टेससाठी आलं, गवती चहा, मिरं घालून काढा उकळला. छत्तीस अंशांच्या संध्याकाळी टेसने तो वाफाळता काढा पेलाभर प्यायला.

दुसऱ्या दिवशी तिने शिंका वाढवल्या. काढाही वाढला. रात्री नंदिनीने तिच्या पायाच्या तळव्यांना तेल लावलं आणि वर मोजे चढवले. टेस माझ्याकडे बघत होती. नंदिनी म्हणाली, "मॅडम, इचारा तिले, तिकडे बर्फात राह्यते अन् इथं सर्दी होते, असं कसं?"

"ती म्हणते, बर्फात सवय आहे."

"मंग कूलर जरा जोरात लावू का? बर्फासारखं वाटन तिले."

टेसला हसू आलं आणि ते शिंकेत लपवायला तिला जमलं नाही. तानाबाईही हसली. माणूस गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदा कोणी हसलं होतं. मग तानाबाई ताट घेऊन आत गेली.

कूलर जागचा हलला नाही. तानाबाई टिनाखाली झोपतच राहिली. ३० मेला बाहेर साडेपंचेचाळीस होतं. दुपारी टेस दार उघडून मागच्या खोलीत गेली, तानाबाईच्या बाजेशेजारी खाली बसली आणि ओल्या पंच्याने तिला वारा घालू लागली. तानाबाईने तिला दोनदा उठवून लावलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "समीक्षा, हिले सांग, इथं बसू नको. इथं काय ठेवलं आहे?"

मी सांगितलं. टेस उठली. तिने त्याच संध्याकाळी सरांना फोन केला आणि अहवाल लिहायला वर्ध्याचं ग्रंथालय लागेल, म्हणून उद्याच वसतिगृहात येते, असं कळवलं. खोलीतून तीच निघाली, की कूलर तिथे ठेवायला कारण उरणार नव्हतं. दुसरा मार्ग तिला सापडला नाही.

३१ मेला सकाळी तिची बॅग जीपमध्ये ठेवली. तानाबाईने तिला मोहाच्या फुलांचे लाडू बांधून दिले, साडीचोळी दिली, मग तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून पाहिला.

"सर्दी बरी झाली का?" तिने विचारलं.

मी भाषांतर करण्याआधीच टेसने मान हलवली.

"तब्येत सांभाळजो. अन् जेवत जाजो. आमचं खाल्लं तू पोटभर, बुढा लय खूश होता." मग माझ्याकडे वळून, "हे सांगशीन ना तिले? नीट सांग."

मी नीट सांगितलं. टेसने वाकून तिच्या पायांना हात लावला. तानाबाईने तिला अर्ध्यातच उचललं.

जीप निघायच्या आधी टेस मला चिंचेखाली घेऊन गेली. "एक काम कर," ती म्हणाली. "चोवीस तारखेला साडेतीन वाजता बाहेर ४४.८ होतं. त्यांच्या उशाशी ४३.२. मला दुसरा आकडा हवा आहे. तेवढंच ऊन असेल अशा दिवशी, तीच वेळ, तीच जागा, कूलर लावून."

"कशासाठी?"

"त्या घरातलं मी सगळं मोजलं. हे सोडून."

"त्याने काही सिद्ध होणार नाही, टेस. त्यांना हृदयाचा त्रासही असेल. एका नोंदीवरून—"

"मला माहीत आहे. मी निष्कर्ष मागत नाही. फक्त आकडा पाठव. त्यासोबत काही लिहू नकोस." ती जीपमध्ये बसली आणि मग पुन्हा काच खाली केली. "आणि फरक कमी करून पाठवू नकोस."

त्याच दुपारी प्रफुल्लने कूलर मागच्या खोलीच्या खिडकीत बसवला. या वेळी दुसऱ्या बाजूने मी उचलला. तो चांगलाच जड होता.

पुढचे दोन दिवस आभाळ होतं आणि पारा बेचाळीसच्या वर गेला नाही. ३ जूनला आकाश कोरडं झालं. मी सकाळीच वर्ध्याहून निघाले आणि बारा वाजता डबी जुन्याच जागी लावली. तानाबाई बाजेवर बसून सुपात तुरीची डाळ निवडत होती. कूलर तिच्या पाठीमागे घरघरत होता आणि तिच्या पदराचं टोक वाऱ्याने सारखं उडत होतं.

"आता कायले मोजून राह्यली?" ती म्हणाली. "शाळा त संपली तुमची."

"एक नोंद राहिली होती."

"कोनाची?"

"माझीच."

ती डाळीतले खडे वेचत राहिली. मी खाली बसून बाहेरच्या तापमापकाचे आकडे लिहीत होते. दोन वाजता ४३.९. अडीचला ४४.३. नंदिनीने ताक आणून दिलं. ते पिऊन झाल्यावर तानाबाईने सूप बाजूला ठेवलं.

"पोट्टीले काही समजलं त नाई ना?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं झालं." मग थोड्या वेळाने, कूलरकडे न पाहता, "समीक्षा, खरं सांग. हा इथंच राह्यला असता, त बुढा राह्यला असता का?"

"आजी, ते कोणीच सांगू शकत नाही. डॉक्टरही नाही."

"तुही डबी?"

"डबी फक्त खोली किती तापली ते सांगते. माणसाचं नाही सांगत."

"मंग मोजते काऊन?"

ती बाजेवर आडवी झाली, भिंतीकडे तोंड करून, जिथे चिंधूजी झोपायचे त्या बाजूला जागा सोडून. थोड्या वेळाने तिचा श्वास संथ झाला. झोप लागली होती, की नुसतीच पडली होती, ते मला कळलं नाही.

साडेतीन वाजता मी बाहेर जाऊन तापमापक पाहिला. मग आत येऊन डबी उतरवली आणि तिचा आकडा पाहिला. पुन्हा पाहिला. अंगणात, जिथे फोनला रेंज येते तिथे, उन्हात उभी राहिले. टेस वर्ध्यात होती. चार दिवसांनी तिचं विमान होतं. मी आकडा टाइप केला. एकदा त्यात पाच अंश मिळवून पाहिले. ते पुसले आणि होता तो पाठवला.

३ जून, दुपारी ३.३०. बाहेर ४४.७. उशाशी, कूलर चालू, ३३.९.